एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळीची मुलं असतील तर कसं शिकवावं?

४० मुलांसाठी ४० पाठ तयार करायला जाऊ नका, महिन्याभरात दमून जाल. ध्येय सगळ्यांचं एकच ठेवा, वाट बदला. अपूर्णांकांची बेरीज सगळेच शिकतील: कुणी कागदाच्या पट्ट्या जुळवून, कुणी थेट १/२ + १/३ सोडवून. ज्याला हे येतंच, त्याला ‘उत्तर ५/६ येईल अशी तीन गणितं तयार कर’ म्हणा. (त्याला तसलीच आणखी वीस गणितं देणं म्हणजे हुशारीची शिक्षा!) तास संपताना चिठ्ठीवर एक प्रश्न सोडवून घ्या, उद्याचे गट त्यावरून पाडा. गट कायमचे मात्र नकोत. ‘ढ’ गट कुठला हे मुलांना लगेच कळतं. आणि ‘हा बघून शिकतो, तो ऐकून’ अशा ‘शिकण्याच्या शैलीं’नुसार मुलांची वाटणी करत बसू नका, त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही.