स्पर्धा आणि सरकारी नियम यांचा तोल व्यवसायात कसा साधायचा?
मोबाइलचंच बघा. जानेवारी २०११ मध्ये नंबर पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय, देशभर लागू झाली. त्याआधी सेवा कितीही भिकार असली तरी आपल्या गिऱ्हाइकांकडे पोचलेला नंबर कुणा धंदेवाल्याला सोडवत नसे, आणि मोबाइल कंपन्यांना ते पक्कं ठाऊक होतं. मग '१९००' वर एक एसएमएस टाकून कंपनी बदलायला सुरुवात करता येऊ लागली. म्हणजे इथे नियमानेच स्पर्धा आणली. दर मात्र ट्राय (दूरसंचार क्षेत्रावर देखरेख करणारी सरकारी संस्था) बहुतांशी कंपन्यांवरच सोडते, आणि ते योग्यच. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला तो चढाओढीतून, सरकारी आदेशाने नाही. (त्या मारामारीत कित्येक कंपन्यांनी गाशा गुंडाळला, हेही खरं.) आता मोठ्या खासगी कंपन्या तीनच उरल्यात. माझ्या मते सरकारने दरात नाक खुपसण्यापेक्षा चौथ्या कंपनीला वाट मोकळी आहे का, ते बघावं.