‘झालं का?’ विचारणाऱ्या जाऊबाई

ताई,

मी 34 वर्षांची. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते. नवरा अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला, मुलगा तिसरीत. मी घरूनच एका सीएंकडचं जीएसटीचं काम करते. घर आवरणं मला कधीच नीट जमलं नाही. चार दिवस नेटाने चालतं, मग ये रे माझ्या मागल्या.

गेल्या वर्षी दसरा काढताना मोठ्या जाऊबाईंशी बोलता बोलता ठरलं, की रोज सकाळी साडेनऊला फोन करायचा, आज काय काय करणार ते एकमेकींना सांगायचं आणि रात्री झालं की नाही ते कळवायचं. त्या सातपूरला असतात. त्यांची कामवाली गावी गेली ती परत आलीच नाही, त्यामुळे त्यांनाही सोबत हवीच होती. सुरुवातीचे महिने फार छान गेले. पण हळूहळू फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायला लागला. त्यांची मुलं मोठी, त्यांचं सगळं झालेलं असायचं. ‘तुझं झालं का?’ म्हटलं की मी ‘हो, झालं’ असं ठोकून द्यायचे.

मागच्या महिन्यात मी कपाट आवरल्याचं सांगितलं. दोनच दिवसांनी त्या घरी आल्या, मुलाला स्वेटर द्यायला म्हणून कपाट उघडलं, आणि कपड्यांचा ढीग त्यांच्या पायांवर आला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. घड्या घालून दिल्या, चहा घेतला, गेल्या. तेव्हापासून फोन बंद. नवरा म्हणतो, ‘सुटलीस.’ पण घराचा पुन्हा उकिरडा झालाय. मी आळशी आहे का? फोन पुन्हा सुरू करू का?

– पाथर्डी फाट्याची एक वाचक

*

अगं, आळशी बाई दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी ही जीएसटीची रिटर्नं वेळेत भरत नाही. तू ते लोकांचं भरतेस, आणि उशीर झाला की लेट फी पडते म्हणून रात्री जागूनही भरत असशील. तेव्हा आळसाचा विषय इथेच मिटवू. फरक एवढाच, की रिटर्न भरलं की त्या महिन्यापुरतं ते संपतं. ओटा रात्री कितीही घासून पुसला तरी सकाळी त्यावर चहा सांडतोच. घरकामाला शेवट नाही, त्यामुळे ‘झालं का?’ याचं खरं उत्तर रोज ‘नाही’ असंच असतं. आणि तुम्ही दोघी रोज रात्री एकमेकींना नेमकं तेच विचारत होतात. त्यातून एकीने खोटं बोलायला लागणं फार लांब नव्हतं.

त्यात विचारणारी मोठी जाऊ. बरोबरीच्या मैत्रिणीने ‘झालं का गं?’ म्हटलं की आपण ‘कसलं होतंय!’ म्हणून मोकळ्या होतो. मोठ्या जावेने तेच म्हटलं की आवाज त्यांचा आणि सूर सासूबाईंचा ऐकू येतो, मग त्या बिचारीच्या मनात तसं काही असो वा नसो.

आता कपाटाचं. त्या गप्प राहिल्या ते तुला जास्त लागलं, असं तुझ्या पत्राच्या सुरावरून दिसतं. मला वाटतं, तू त्या गप्प राहण्याचा अर्थ उलटा लावलास. कपडे अंगावर आल्यावर जी बाई खाली बसून घड्या घालते, ती पसाऱ्यावर रागावलेली नसते. तिला कळलेलं असतं, की हिला माझ्याशी खोटं बोलावं लागतंय, म्हणजे मी हिची मुकादम झालेय. ते तिलाही लागलं असणार. बोलायचं काय, हे त्यांनाही सुचलं नसेल. शिवाय बघ, कामवाली गेली, मुलं मोठी झाली, म्हणजे घरात बोलायला माणसं कमी. साडेनऊचा फोन त्यांना नुसता धुण्याभांड्यांसाठी हवा होता, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून पहिला फोन तू कर. लांबलचक माफीनामा नको. ‘वहिनी, कपाटाचं मी खोटं सांगितलं. होत नव्हतं आणि लाज वाटत होती.’ एवढं पुरे. त्यापुढे त्यांना बोलू दे. ‘तुम्ही सारखं विचारता म्हणून’ हे शेपूट जोडू नकोस. ते खरं असलं तरी त्या दिवशी नको.

आणि हो, फोन पुन्हा सुरू कर. मात्र हिशेब देण्या-घेण्याचा फोन नको, सोबतीचा हवा. नवरात्राच्या आधी गोदाघाटावर गोधड्या धुणाऱ्या बायका तू पाहिल्याच असशील. (साबणाचं पाणी नदीत जाऊ नये हे मलाही पटतं, गच्चीवर नळी लावून धुवा. पण बघण्यासारखं ते तिथे असतं.) पाणी प्यालेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघी दोन टोकं धरतात, एक डावीकडे पीळ देते, दुसरी उजवीकडे, मधून पाण्याची धार लागते, आणि तोंडाने कुणाच्या तरी सुनेची गोष्ट चाललेली असते. तिथे कुणी कुणाला ‘झालं का?’ विचारत नाही, कारण दुसरं टोक आपल्याच हातात असतं.

तुमचा फोन असा हवा. स्पीकरवर टाकायचा, फोन फ्रिजवर ठेवायचा, आणि वीस मिनिटं तू तुझ्याकडे, त्या त्यांच्याकडे, हातात काम घेऊन बोलायचं. तू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाल, त्या मेथी निवडू देत. भांड्यांचा आवाज होतो, मिक्सर लावला की पुढचं ऐकू येत नाही, चालायचंच. वीस मिनिटं झाली की ‘ठेवते’ म्हणायचं. रात्रीचा फोन बंद. रात्री आठवण काढायची असेल तर दुसऱ्या कशावरून काढा.

वेळही बदल. साडेनऊला तुझं ऑफिसचं काम सुरू होत असणार, म्हणजे एक डोळा लॅपटॉपवर. मुलाला रिक्षात बसवून वर आलीस की त्याच पावली फोन लाव. घड्याळापेक्षा असं रोज घडणारं काहीतरी धरलेलं बरं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक नवी गोष्ट रोजच्याच एखाद्या प्रसंगाला जोडून घ्यायची होती, म्हणजे नाश्ता झाला की, जेवायला बसलं की, असं. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाचं 18 दिवसांत भागलं, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. 21 दिवसांत सवय लागते असं सांगणारे घरोघरी भेटतात, त्यांचं ऐकू नकोस. त्या अभ्यासातली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसं काही बिघडत नव्हतं. तुझं मात्र एक दिवस चुकला की सगळंच गेलं असं होतं, आणि मग ते झाकायला ‘हो, झालं’.

कामाचं नाव घेतानाही जरा बेतानं घे. ‘कपाट आवरणार’ हे काम नाही, तो संकल्प झाला. ‘वरून दुसरा कप्पा, त्यातले मुलाला आखूड झालेले शर्ट बाजूला काढणार’ हे काम. ते वीस मिनिटांत होतं, नाही झालं तर कुठवर आलं ते सांगता येतं, आणि ऐकणारीला ‘वा, निम्मे निघाले की!’ असं खरंखुरं कौतुक करता येतं. नुसतं ‘आवरलं’ म्हटल्यावर कौतुक तरी कशाचं करणार? रिटर्नच्या आठवड्यांत, म्हणजे 8 ते 11 आणि 17 ते 20, यादीत एकच काम ठेव आणि जाऊबाईंना तसं आधीच सांगून टाक. त्यांना जीएसटीच्या तारखा माहीत असायचं कारण नाही. त्यांना वाटतं, घरीच तर असते.

त्यांच्याकडूनही एक कबूल करून घे. रोज आपलं एक राहिलेलं काम त्यांनी सांगायचं. राहिलेलं असतंच. आठ वर्षांचं पोर घरात नसलं की बाहेरून घर नीटनेटकं दिसतं, पण पोटमाळ्यावर काय आहे ते ज्याचं त्याला माहीत.

काही कामं मात्र चुकवून चालत नाहीत, तेवढी बाजूला काढ. सध्या पावसाळा आहे. शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार अशी बातमी आली की आपण नाशिककर पिंप, बादल्या, पातेली, दिसेल ते भरून ठेवतो आणि सोमवारी विसरून जातो. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं, तेही नुसतं उपडं करून नाही, आतून घासून, कारण अंडी भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कितीतरी दिवस तग धरतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलरमध्ये उरलेलं पाणी, सगळं त्याच दिवशी. घंटागाडीला ओला कचरा रोज गेला पाहिजे. बुधवारच्या बाजारातून भाजी आणत असशील तर कोथिंबीर त्याच संध्याकाळी निवडून फडक्यात गुंडाळ, नाहीतर शुक्रवारपर्यंत तिचा लगदा होतो. बाकी पंख्याची पाती, खिडक्यांच्या जाळ्या, शोकेसमधली काच? होतील तेव्हा होतील. त्यासाठी कुणाशी खोटं बोलण्याइतकी ती थोर नाहीत.

आता तुझ्या नवऱ्याच्या ‘सुटलीस’कडे येऊ, कारण पत्रातल्या त्या एका शब्दाशी मी बराच वेळ अडले. सुटली कशी? फोन सुटला, कामं तिथेच आहेत. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. त्यातही दिवसभरात काही ना काही घरकाम केलेले पुरुष शंभरात 26च्या आसपास होते, 97 हा आकडा फक्त त्यांचा. 2024 ची पाहणी आली तेव्हा बायकांचे 289 झाले आणि पुरुषांचे 88. म्हणजे मधल्या वर्षांत दोघांचंही थोडं कमी झालं, दरी मात्र होती तिथेच. तू आणि जाऊबाई फोनवर एकमेकींना कितीही धीर दिलात तरी तुम्ही ही 289 मिनिटंच आपसात वाटून घेताय, त्यातलं एकही पलीकडे सरकत नाहीये.

शिफ्टची नोकरी दमवते, मान्य. पण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळभर घरी असतो, तुझ्या फोनच्या वेळी बहुधा समोरच चहा पीत. त्याला ‘जरा हात लाव ना’ म्हणू नकोस, त्याने हात लागतो आणि निघून जातो. एक अख्खं काम दे, आठवणीसकट. पाण्याचं खातं त्याचं, असं ठरव. पिंप भरणं, घासणं, ताटल्या उपड्या करणं, शनिवारी पाणी आहे की नाही ते पाहणं, सगळं. तू विचारायचं नाहीस. विसरला तर रविवारी बादलीत पाणी नसेल, आणि ते त्यालाही नसेल. कारखान्यात मशीन ज्याच्या ताब्यात त्याने ते पुसून पुढच्या शिफ्टला द्यायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही.

मुलगा तिसरीत म्हणजे डबा आणि बाटली दप्तरातून काढून सिंकमध्ये ठेवण्याएवढा नक्कीच मोठा आहे. त्याच्यावर इतकं पुरे, जास्त लादलंस तर तुझंच ओरडण्याचं काम वाढेल.

एक विचारलं नाहीस तरी सांगते. या वर्षीचा दसरा दोघी वेगवेगळ्या काढू नका. शेतात सावड करतात तशी करा, एक रविवार सातपूरला, एक पाथर्डी फाट्याला. तू त्यांच्याकडे गेलीस की त्यांचा पोटमाळा बघायला मिळेल आणि त्या तुझ्याकडे आल्या की डबे उतरवायला उंच माणूस मिळेल, किंवा उलट. गोधड्या त्या दिवशी दोघा भावांच्या हवाली करा, त्यांच्या मनगटात जोर आहे. सगळे पितृपंधरवड्यातच धावपळ करतात आणि मग घटस्थापनेच्या आदल्या रात्रीपर्यंत दोऱ्यांवर ओली पांघरुणं लोंबत राहतात. म्हणून रविवार आताच धरून ठेवा. तारखा तू ठरव, जाऊबाई नकोत, कारण 11 आणि 20 चुकवायच्यात त्या तुला.

– ताई