वडील ब्रिटनमध्ये जन्मले, मग तुमच्या मुलीचं काय?

तुम्ही विचारलंय ते असं: वडील १९६८ साली बर्मिंगहॅमला जन्मले, चार वर्षांचे असताना आजी-आजोबांबरोबर नाशिकला परत आले. तुम्ही १९९२ चे, जन्म नाशिकचाच. बायको आणि सात वर्षांची मुलगी आहे. आता तिकडे जायचंय, तर आधी नागरिकत्व मिळवून जावं, की कामाचा व्हिसा काढून जावं आणि नागरिकत्वाचं तिथे पोचल्यावर बघावं?

नागरिकत्व तुम्हाला मिळवायचं नाहीये, ते तुमच्याकडे आहेच. तिथला १९८१ चा नागरिकत्वाचा कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला. त्यानंतर परदेशात जन्मलेलं मूल, आई किंवा वडील तिथे जन्मलेले असतील तर, वंशानं ब्रिटिश ठरतं. वडिलांकडून येत असेल तर तुमच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचं लग्न झालेलं असायला हवं, एवढंच. म्हणजे पासपोर्ट नसला तरी तुम्ही जन्मापासून ब्रिटिश आहात. त्यामुळे कामाचा व्हिसा तुम्हाला मिळणारच नाही. ज्याला तिथे राहायचा हक्कच आहे त्याला व्हिसा देत नाहीत. अर्ज कसा भरायचा, फोटो कसा हवा, ते सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, त्यात मी शिरत नाही.

मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. बायको आणि मुलगी तुमच्या प्रश्नात अगदी शेवटी येतात. खरा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि माझ्या घरात तो अजून संपलेला नाही.

माझी आई तुमच्या वडिलांसारखीच. आजोबा तिथे डॉक्टर होते, आई तिथे जन्मली आणि शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच परत आली. मी १९८५ ची, म्हणून मी आपोआप ब्रिटिश. माझा सख्खा भाऊ १९८१ चा. त्या काळी परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व फक्त वडिलांकडून यायचं, आईकडून नाही. म्हणून त्याला रीतसर नोंदणी करून, समारंभात शपथ घेऊन ब्रिटिश व्हावं लागलं. एकाच आईची दोन मुलं, आणि कायद्याच्या लेखी आमची आई त्याच्या वेळी कमी होती. हे मी आईला कधी सांगितलेलं नाही.

कागदांचं सांगते, कारण त्यात तुमचा बराच काळ जाईल. आईच्या जन्मदाखल्यावर एक नाव, आणि लग्नानंतर सासरी ठेवलेलं नाव दुसरंच. आडनाव बदललेलं सगळ्यांना समजतं. पहिलं नावच बदललेलं त्या देशातल्या कोणाला समजत नाही. त्यात माझ्या जन्मनोंदीत बाळाचं नाव नव्हतं, फक्त 'स्त्री'. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, मराठी दाखल्यांची भाषांतरं, आणि ज्या कार्यालयात साधी दुरुस्ती हवी होती तिथे 'साहेब रजेवर आहेत'. तिथला एक कारकून आईला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच त्या कशावरून?" साठीच्या बाईला, तिच्याच नावाबद्दल! ती काही बोलली नाही. मी मात्र ते वाक्य अजून विसरलेले नाही.

तुमच्या बाबतीत नागरिकत्व वडिलांकडून येतं, म्हणून आईवडिलांच्या लग्नाचा दाखला लागेल. त्या काळातली कितीतरी लग्नं नोंदलेलीच नाहीत. आता नोंदवायचं म्हणजे लग्नपत्रिका, साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी. हे काम पासपोर्टच्या अर्जाआधी हातात घ्या.

आता तुमची मुलगी. वंशानं मिळालेलं नागरिकत्व परदेशात एकाच पिढीला मिळतं. तुमच्यापर्यंत आलं, पुढे आपोआप जात नाही. तुमची मुलगी ब्रिटिश नाही, माझा मुलगाही नव्हता. विमानतळावर मी एका रांगेत आणि माझं नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल दुसऱ्या रांगेत, हे मला अजूनही कोणी नीट पटवून देऊ शकलेलं नाही.

जोडीदाराच्या व्हिसासाठी ब्रिटिश व्यक्तीला उत्पन्न दाखवावं लागतं. माझ्या वेळी वर्षाला १८,६०० पौंड आणि ब्रिटिश नसलेल्या पहिल्या मुलासाठी वर ३,८०० असा नियम होता. एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना सरसकट २९,००० झाला. भारतातला पगार दाखवायचा तर तोही तेवढा हवा आणि शिवाय तिथली नोकरी हातात हवी. फक्त बचतीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात. बहुतेकांना यातलं काहीच जमत नाही. मग ब्रिटिश माणूस एकटा पुढे जातो, तिथे सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जमवतो, आणि मग घरच्यांचा अर्ज जातो. मी तशीच गेले. एकटेपणाबद्दल विचाराल तर होता, आणि कामाच्या माणसाचा दिवस निघून जातो. मुलाचा आवाज फोनवर दर आठवड्याला थोडा मोठा होत गेला, एवढं लिहून पुढे जाते.

बायकोला स्वतःच्या शिक्षणावर तिथे नोकरी मिळण्यासारखी असेल, तर तिच्या कामाच्या व्हिसाला तुमच्या उत्पन्नाची ही अट नाही. हे आधी तपासा. आरोग्यसेवेचं असं, की तुम्ही तिथे राहायला गेलात की तुम्हाला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मोफत. बायकोला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलीला ७७६, व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम आगाऊ.

मुलाच्या शाळेबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही, पण लिहिते. तिथे इयत्ता वयावर ठरते. शाळेचं वर्ष धरतात १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. माझा मुलगा सातव्या वर्गात मध्येच, जानेवारीत दाखल झाला. मध्ये जाणाऱ्याला जिथे जागा रिकामी असेल ती शाळा मिळते. प्राथमिकच्या शेवटी तिथली मुलं जी परीक्षा देतात तिचे गुण त्याच्याकडे नव्हते, म्हणून गणितात त्याला सगळ्यात खालच्या गटात बसवलं. इथे बीजगणित करून गेलेला मुलगा वर्षभर अपूर्णांक गिरवत होता. मी भेटायला गेले, तर गोड बोलून सांगितलं, जरा रुळू द्या. पुढच्या वर्षी गट बदलला, पण तोवर त्यानं वर्गात हात वर करणं सोडलं होतं. आता तो चांगला शिकतोय. माझा राग मात्र शमलेला नाही.

यातून एक कामाची गोष्ट सांगते. मूल अठराच्या आत असताना, ते आणि आईवडील तिघं तीन वर्षं तिथे राहिले की १९८१ च्याच कायद्याच्या कलम ३(५) खाली मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी हक्कानं होते. फी हजार पौंडांच्या घरात आहे, ती आत्तापासून बाजूला ठेवा. या नोंदणीनं मिळणारं नागरिकत्व तुमच्यासारखं वंशाचं धरत नाहीत. तुमच्या मुलीची मुलं उद्या कुठेही जन्मली तरी ते त्यांना मिळेल. आणि इंग्लंडमध्ये विद्यापीठाची फी तिथल्या मुलांइतकी लागायला नुसता पासपोर्ट पुरत नाही, आधीची तीन वर्षं तिथे वास्तव्य लागतं. मूल पंधरा-सोळाचं झाल्यावर नेलेल्यांना हे फार महागात पडतं. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, तुमच्या हातात वेळ आहे.

शेवटी, आपल्याकडची बाजू. तुमच्यासारखा सज्ञान माणूस जन्मापासून ब्रिटिश असला तरी ब्रिटिश पासपोर्ट हातात घेतला की भारतीय नियमांनुसार त्यानं परकं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं असं धरतात. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, तसा दाखला घ्यायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. त्यावर येणं-जाणं, राहणं, घर घेणं सगळं होतं. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येऊ शकते, तरी वडिलांच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागायची वेळ येईल तेव्हा तलाठी काय म्हणेल याचा विचार मी अजूनही रात्री करते. रद्दचा शिक्का मारलेला माझा पासपोर्ट परत मिळाला तेव्हा आईनं तो हातात घेऊन विचारलं, "माझ्यामुळे ना?" मी नाही म्हटलं. जिथे तिनं चार शब्द बोलायला शिकण्यापलीकडे काही केलं नाही, त्या देशानं तिच्या मुलीला हक्क दिला आणि तिच्या नातवाला रांगेत उभं केलं. हे तिच्यामुळे झालं की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

जावं का, हे मी सांगणार नाही. पण बायकोशी बोलताना तिला आधी हे सांगा, की पहिले काही महिने ती आणि मुलगी इथे असतील आणि तुम्ही तिथे. तिचं उत्तर त्यावर घ्या. आणि मुलीची जन्मतारीख ३१ ऑगस्टच्या अलीकडची की पलीकडची, ते मला कळवा. त्यावरून ती कुठल्या वर्गात बसेल आणि शाळेचा अर्ज कधी करायचा, ते मी नीट लिहून पाठवते.