भावाला मुलगी झाली असून मी पहिल्यांदाच आत्या होत आहे. बारशात आत्याचे नेमके काम काय असते?

मनःपूर्वक अभिनंदन! बारसे साधारणपणे बाराव्या दिवशी करतात आणि त्यातला मुख्य मान आत्याचाच असतो. बाळाला पाळण्यात घातल्यावर आत्या वाकून त्याच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करते, ठरलेले नाव हळूच सांगते, आणि त्याच क्षणी भोवतालच्या बायका तिच्या पाठीत लाडाने धपाटे घालतात. तेव्हा पाठ तयार ठेवावी. माझ्या भाचीचे नाव सांगताना तिच्या मऊ जावळाला घुटीचा आणि दुधाचा वास येत होता, आणि नाव उच्चारताना माझाच आवाज कापरा झाला होता, हे आजही जसेच्या तसे आठवते. आत्याने झबले-टोपडे, वाळे किंवा दुपटे आणण्याची रीत आहे, पण सोन्याचा हट्ट कुणी धरू नये.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. कुणी कितीही प्रेमाने म्हटले, तरी बाळाला मध चाटवू देऊ नका, कारण एक वर्षाच्या आतील बाळाला त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सर्दी-खोकला असल्यास बाळाजवळ जाणे टाळा आणि हात धुतल्याशिवाय त्याला उचलू नका.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, मात्र ती नावाशिवायही होते आणि नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. त्यामुळे नावावरून घरात एकमत होत नसेल, तर घाई करू नका.