जपानच्या भूकंपावरून पुण्याखालच्या भूकवचाची जाडी कशी कळते?
युक्ती भारी आहे. दूरच्या भूकंपाची पी लहर (दाबत-ताणत जाणारी, सगळ्यात आधी पोचणारी) खालून जवळजवळ उभी वर येते. कवच जिथे संपतं त्या मोहो सीमेवर तिचा थोडा भाग एस लहरीत (आडवं हलवत जाणारी) बदलतो. एस हळू चालते, त्यामुळे मागाहून पोचते. दख्खनच्या पठारावर हा उशीर साधारण साडेचार सेकंद, म्हणजे जाडी 35-40 किमी. तिबेटात जवळपास दुप्पट, कारण तिथे कवच 70 किमीच्या आसपास आहे.

ही एस मुख्यतः आडव्या हालचालीच्या नोंदीत दिसते. त्या नोंदीतून उभ्या हालचालीचा ठसा गणिताने काढून टाकला की (डीकन्व्होल्यूशन, वजाबाकी नव्हे!) मूळ भूकंपाच्या लहरीचा स्वतःचा आकार जातो. एकाच भूकंपावर विसंबू नका. वेगवेगळ्या दिशांच्या पाचपन्नास नोंदी एकत्र केल्या की मग कुठे आलेखावरचं एस लहरीचं ते इवलंसं टेंगूळ ठळक होतं.