मुलीसाठी चार वर्षांचा वॉर्मब्लड घोडा घ्यावा का?

खारघरला राहता, मुलीसाठी चार वर्षांचा वॉर्मब्लड (उड्यांसारख्या खेळांसाठी पैदास केलेल्या युरोपी जातींचा घोडा) बघताय आणि विकणारा त्याच्या सव्वा मीटरच्या उड्यांचे व्हिडिओ दाखवतोय, तर घाई नको. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. घोडा गुणी असेलही, पण त्याला कोवळ्या वयात राबवलंय आणि मला याचा मनापासून राग येतो.

पेडिग्रीच्या, म्हणजे वंशावळीच्या, कागदावर सांधे दिसत नाहीत. पायांचे आणि पाठीचे एक्स-रे काढा, तेही तुमच्या डॉक्टरकडून, विकणाऱ्याच्या नव्हे.

घोडी असेल आणि पुढे शिंगरू हवं असेल, तर केसांच्या मुळांवरून डब्ल्यूएफएफएस या वॉर्मब्लडमधल्या आनुवंशिक रोगाची जनुक चाचणी करा. वाहक घोडी ठणठणीत दिसते. पण नरही वाहक निघाला तर शिंगराला रोग होण्याची शक्यता २५ टक्के. अशा शिंगराची कातडी हात लावताच फाटते, ते जगत नाही.

आणि आपली दमट हवा! सकाळी दहा मिनिटं दुडक्या चालीने फिरवून मानेला हात लावा. अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या आणि धाप थांबत नसेल, तर घाम येणं बंद झाल्याची शंका घ्या. असा घोडा इथे आणू नका, त्याचे हाल होतील.