जाण्यापेक्षा येण्यास अधिक वेळ का?

प्रश्न : दिल्ली ते टोकियो हे अंतर किती आहे? जाताना विमानाला कमी आणि परतताना अधिक वेळ लागतो, हे खरे आहे का?

उत्तर : पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजल्यास हे अंतर सुमारे 5,850 किलोमीटर भरते. प्रत्यक्ष उड्डाण मात्र त्याहून लांबचे असते, कारण ही सर्वांत जवळची रेषा तिबेटच्या पठारावरून जाते आणि विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला सुमारे 3,000 मीटरपर्यंत खाली उतरावे लागते. पठाराची सरासरी उंचीच सुमारे 4,500 मीटर असल्याने तेथे ते शक्य होत नाही. म्हणून विमाने सहसा वळसा घेतात.

थेट विमानाला जाताना साधारणपणे साडेसात ते आठ तास लागतात, तर परतताना नऊ तासांहून अधिक. याला पृथ्वीचे फिरणे कारणीभूत आहे, हा समज चुकीचा आहे; वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. खरे कारण आहे पश्चिमेकडून पूर्वेकडे उंचावरून वाहणारा वेगवान वायुप्रवाह, ज्याचा वेग हिवाळ्यात जपानवर अनेकदा ताशी 200 किलोमीटरहून अधिक असतो. (या वाऱ्यांची नोंद जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून केली होती.) त्यामुळे हा फरक हिवाळ्यात अधिक जाणवतो.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात आणि टोकियोचे घड्याळ साडेतीन तास पुढे असते. म्हणून दिल्लीहून रात्री आठला निघून आठ तासांनी उतरणाऱ्या प्रवाशाला तेथे सकाळचे साडेसात वाजलेले दिसतील.